निंदणी

सासूबाईंनी बांधावरच्या ढिगातली एक मूठ उचलली, मुळांची माती झटकली आणि माझ्या नाकासमोर धरली.

"हाई काय शे?"

"गवत."

"हाई भात शे. गवत तू वावरमा ऱ्हाऊ दिधं."

अख्खी सकाळ वाकून मी एक वाफा निंदला होता. उभं होतं ते सगळं हिरवंगार, जोमदार गवत.

माझं माहेर रनाळ्याचं. तिकडे ज्वारी आणि कपाशी. भात मी ताटातच पाहिलेला. लग्न होऊन खांडबाऱ्याकडे आले ते चौथी पास असल्याचा तोरा घेऊन. शेतीखात्याचा माणूस दारी आला आणि म्हणाला, "दोन जाती लावून बघा, घरची साळ आणि ही नवी. दोन्ही एकदा भरल्या पाण्यात, एकदा नुसत्या ओल्या मातीत." सासूबाई नको म्हणत होत्या, कारण घरच्या साळीचं बी तेवढंच उरलं होतं. मी मध्येच म्हणाले, "मी लिहून ठेवीन." मला कोणी विचारलं नव्हतं.

भरल्या पाण्यातली घरची साळ खेकड्यांनी पहिल्याच पंधरवड्यात कातरली. तिचा राहिला ओल्या मातीतला एकच वाफा, मी निंदला तो. साचलेल्या पाण्यात गवत दबतं, या ओल्या मातीत ते मोकाट माजलं. रोपं ओळीत लावली नव्हती, म्हणून मी मरतुकडं दिसलं ते उपटलं. भाताच्या पानाच्या सांध्याला बारीक लव असते, गवताला नसते, हे इकडच्या पोरींनाही माहीत. मी वहीत मात्र लिहिलं होतं, 'निंदणी उत्तम झाली.'

सासूबाईंनी बांध फोडून पाणी आत घेतलं. आम्ही दोघींनी गवत काढलं आणि ढिगातली रोपं पुन्हा चिखलात खोचली. पूर्ण वेळ त्या बोलत होत्या, "चौथी शिकनी म्हने. पहिलीमा गवत नही शिकाडं का?"

कापणीला तो माणूस आला. नवी जात ओल्या मातीतही छान भरली होती. त्यानं विचारलं, "कमी पाण्यात कोणती बरी, आजी?"

"सूनना हातमा नही पडनी ती."

त्यानं काय लिहिलं कोण जाणे. माझी वही मी चुलीत घातली.

परत खोचलेल्या रोपांतली निम्मी मेली. उरलेल्यांचं दोन ओंजळी बी निघालं. साळ जगली, सासूबाई पुढे बरीच वर्षं जगल्या, आणि मी अजून आहे.