देवानं पाडलेली पोट्टी

मी शुद्धीवर आली तवा मंदिराच्या फरशीवर एक बाई पाणी ओतून राह्यली होती. माह्यावर नाही, माह्या आजूबाजूले. मी जिथं पडली तेवढी जागा धुणं चालू होतं अन् मी अजून तिथंच होती. जीभ चावली गेली होती. तोंडात रक्त. सलवार ओली झाली होती, मिर्गीत होते तशी. सारं गाव पाहत होतं.

"उचला तिले. आंदी गोमूत्र आना."

बोलली ते मोठ्याई. मंदिराच्या अध्यक्षाची बायको. गावाची अर्धी जमीन त्यायची, म्हणून लहानथोर सारे तिले मोठ्याईच म्हणतात. सप्ताहाचा शेवटचा दिवस होता. काल्याचं कीर्तन संपलं, म्या प्रसादाले हात पुढं केला, अन् पडली.

मोठ्याई माह्या मायले म्हणे, "देवानं पाडलं तिले. चांगल्या मानसाले देव आपल्या दारात पाडत नाई. काही तरी केलं असन पोट्टीनं."

मायनं मान खाली घातली. आमी परीट. बाप चौकात इस्त्री करते. मोठ्याई जे पातळ नेसून उभी होती, ते सकाळी बापानंच कडक करून देलं होतं.

मले कोणी हात लावला नाही. मायनं एकटीनं ओढत घरी नेलं.

मी तवा बारावीत होती. मिर्गी लहानपणापासून. वाशीमच्या सरकारी दवाखान्यातून गोळ्या चालू होत्या अन् बरंच थांबलं होतं. पण त्या दिवसापासून ते एक बोलणं डोक्यात जाऊन बसलं. काही तरी केलं असन.

काय केलं असन म्या?

मी शोधाले लागली. पाळीत तुळशीजवळून गेली होती का? हात जोडतानी मनात वर्गातल्या पोट्ट्याचं तोंड आलं होतं का? शोधलं का सापडतेच. रोज नवं सापडे.

मोठ्याईनं एक माळ धाडली. जप कराचा, मन दुसरीकडं गेलं का पुन्हा पहिल्यापासून. मन तर जातेच. मी पुन्हा पहिल्यापासून. हात धुवाची, माळ धराची. वाटे, हात नीट धुतला नाही. पुन्हा उठाची. बोटाच्या पेरात चिरा पडल्या. जप नीट झाल्याबिगर जेवत नव्हती. मंग गोळीचाच भेव वाटाले लागला. त्या गोळीचं वरचं टरफल कायचं असते? कोण्या जनावराचं असन तर? म्या गोळ्या खाणं सोडलं. मायनं विचारलं का म्हणाची, घेतली.

देव म्हटलं का माह्या डोळ्यापुढं मोठ्याई येऊन राह्यली. चष्म्याच्या वरून पाहणारी. माह्या चुकीची वाट पाहत बसलेली.

मिर्गी वाढली. एक दिवस चुलीजवळ पडली. डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. माय रडत रडत मोठ्याईकडं गेली अन् निरोप घेऊन वापस आली.

"तू अजून काही लपवून राह्यली म्हणे. पौर्णिमेले साऱ्याईसमोर मंदिराच्या पायरीवर नाक घासा लागते. मंग सुटका होते."

"घासतो," म्या म्हटलं.

बाप इस्त्रीतले कोळसे हलवत होता.

पौर्णिमेच्या आदल्या दुपारी तुरीत निंदाले गेली होती. एकटीच. वावराच्या धुऱ्यावर बसून जप चालू होता. अर्धी माळ झाली अन् नाकात जळक्याचा वास आला. फिट याच्या आंदी मले तसाच वास येते. समजलं, आता पडतो. जप पुरा होत नाही. हात चिखलाचे. पाळीचा दुसरा दिवस. काहीच नीट नव्हतं, अन् नीट कराले टाइमही नव्हता. तोंडातून एवढंच निंगालं,

"देवा, धर मले."

अन् पडली.

डोळे उघडले तवा ऊन उतरलं होतं. गालावर चिखल वाळला होता. दोन हातावर विहीर. कठडा नसलेली. मी त्या अंगाले पडली नाही. हे देवानं केलं, असं मी म्हणत नाही. उद्या त्या अंगाले पडणार नाही, असंही नाही. फिट त्यानं थांबवली नव्हती.

पण मी तशीच पडून राह्यली अन् मनानं शोधलं नाही. काय चुकलं, कुठं चुकलं, काहीच नाही. म्या हाक मारली होती ते विटाळातच. मळक्या हातानं. अन् भेव वाटत नव्हता. इतक्या महिन्यात पहिल्यांदा. तिथं पडल्या पडल्याच मले समजलं, जो देव पोरीले पाडून तमाशा पाहते, तो मोठ्याईनं बसवलेला आहे. म्या ज्याले हाक मारली तो दुसरा. त्याले माही मिर्गी आंदीपासून मालूम होती.

संध्याकाळी मायच्या समोर गोळी घेतली.

पौर्णिमेले सारे जमले.

"चाल, वाक," मोठ्याई म्हणे.

मी उभीच.

"काहून उभी हायेस? बहिरी झाली का?"

"मोठ्याई, मले बिमारी हाय. म्या पाप नाई केलं. नाक नाई घासत मी."

टाळ वाजत होते, ते बंद झाले.

"देवापुढं एवढी मुजोरी?"

"देवापुढं नाई. तुमच्यापुढं."

ते ओरडली नाही. ओरडली असती तर बरं होतं. जवळ आली, हळूच बोलली, "ठीक हाय. आता काही बरंवाईट झालं तर या दारात येजो नको. तुह्या बापालेही सांगून ठेव."

दुसऱ्या दिवशी त्यायच्या घरचे कपडे इस्त्रीले आले नाहीत. मंग शेजारच्या घरचे बंद झाले. मंग गल्लीचे. बाप आता अनसिंगच्या बाजारात जाऊन बसते. बायका मले पाहून लेकरं जवळ ओढतात. माय म्हणते, "एकडाव वाकली असती तर काय झिजली असती?" दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणते, मधे गोळी सोडली, आता आवराले वेळ लागन.

म्हणजे मी पुन्हा पडणार. सारं गाव त्याचीच वाट पाहून राह्यलं. पडली का म्हणतीन, पाहा, देवानं दाखवलं.

म्हणू द्या. मी गोळी घेईन. हात धुतलेले असो का नसो, देवापुढं जोडीन. ज्या दिवशी खरंच कोणाचं वाईट करीन त्या दिवशी माफी मागीन, अन् त्याची त्याले मागीन. पण माह्या दुखण्याले पाप म्हणून मले पायरी दाखवली, तर मी वाकत नाही. मायनं हात जोडले तरी नाही.