शिरगावात कोणीच आलं नव्हतं

त्या प्रकरणाची आठवण निघाली की आजही माझं तोंड कडू होतं. निवृत्त होऊन काही वर्षं झाली. खून-दरोड्यांचे तपास विसरत चाललो, हा मात्र डोक्यातून जात नाही.

तेव्हा मी बदलापुरात एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून चहा घेत होतो, तेवढ्यात आवारात जमाव घुसला. सगळे शिरगावातल्या एका सोसायटीतले. पुढे एक गृहस्थ, अंबरनाथच्या कारखान्यात सुपरवायझर, आणि त्यांचा मेव्हणा. तक्रार अशी, की उल्हासनगरचे तृतीयपंथी सोसायटीत बधाईचे पैसे मागायला आले आणि जाताना त्यांच्या बावीस वर्षांच्या मुलाला रिक्षात कोंबून घेऊन गेले. "साहेब, ते त्याला स्वतःसारखं करून टाकतील," वडील म्हणाले. मागून घोषणा चालू होत्या, कोणी मोबाइलवर शूटिंग करत होतं. वरून फोनही आलाच.

गुन्हा दाखल केला. डायरीत नोंद करून उल्हासनगर पोलिसांना सोबत घेतलं आणि वडिलांनी सांगितलेल्या, त्या तृतीयपंथीयांच्या गुरूच्या चाळीत पोचलो. गुरू पन्नाशीची, आवाजाने खणखणीत. झडतीत मुलगा मिळाला नाही. भिंतीवरच्या एका फोटोत मात्र वडिलांनी मोबाइलवर दाखवलेला तोच चेहरा साडी नेसून हसत उभा होता. तेवढ्यावर गुरूला आणि तिच्या दोन चेल्यांना जीपमध्ये बसवलं. सारी चाळ बघत होती.

ठाण्यात आणून गुरूला खडसावलं, "मुलगा कुठे लपवलाय?"

ती माझ्याहून मोठ्याने ओरडली, "मुलगी बोला साहेब! कितने दिन से तिचा फोन बंद आहे. बापाला विचारलं तर शिव्या घातल्या. मी बोलली, पोलिसात जाते. पण आमची कंप्लेंट घेतो कोण?"

"शिरगावात बधाईला कोण गेलं होतं?"

"शिरगाव?" ती रागाने हसली. "बदलापूर आमचा इलाका नाय. तिथली बधाई दुसऱ्या गुरूची. तिथे जाऊन एक टाळी वाजवली ना, तर आमची पंचायत दंड ठोकेल. तुम्ही दुसऱ्याच्या हद्दीत घुसून धाड घालता काय?"

घालत नाही. रुळांजवळ पडलेलं प्रेत कोणाच्या हद्दीत येतं यावरून दोन ठाण्यांचे अंमलदार भांडताना मी पाहिले आहेत. त्यामुळे तिचं म्हणणं मला लगेच पटलं. पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे. बदलापूर भागाच्या गुरूला बोलावलं. ती तर अंगावरच आली. "त्यांची हिंमत आहे का? आल्या असत्या तर माझी कंप्लेंट आधी आली असती!" शिवाय बधाई म्हणजे कुठेतरी बारसं हवं, नाहीतर लग्न. हवालदार सोसायटीत चौकशी करून आला. त्या आठवड्यात तिथे ना पाळणा हलला होता ना मांडव पडला होता. वॉचमनने कोणालाही पाहिलं नव्हतं.

मग मेव्हण्याला आत घेतलं. वडिलांना मुद्दामच नाही. ज्याने खोटं रचलं तो ते धरून बसतो, साथ देणारा आधी ढिला पडतो, हा माझा अनुभव. "बधाई कोणाच्या घरी होती?" एवढंच विचारलं. त्याने पाणी मागितलं, मग रडायलाच लागला.

"दाजींनी त्याला वांगणीला ठेवलाय साहेब. सुधारायला. ते लोक कंप्लेंट करणार होते, म्हणून दाजी बोलले, आपण आधी करू."

वांगणीच्या एका फार्महाऊसवर 'सुधार केंद्र' चाललं होतं. परवाना नाही, डॉक्टर नाही. मागच्या खोलीला बाहेरून कुलूप. आत ती होती. नाव देत नाही, पण 'ती' असंच लिहितो, कारण तिने स्वतःबद्दल तसंच सांगितलं. डोकं भादरलेलं, गोळ्यांनी जीभ जड झालेली. वर्दी पाहून ती भिंतीला चिकटली.

"साहेब, घरी नका नेऊ. आठ दिवसांत परत इथंच आणून टाकतील."

ती सज्ञान होती. दंडाधिकाऱ्यांसमोर तिने गुरूकडे राहायचं सांगितलं आणि तशी परवानगी मिळाली. केंद्रवाल्यावर गुन्हा दाखल झाला, तो लगेच जामिनावर सुटला. खोट्या तक्रारीबद्दल मी वर अहवाल पाठवला, त्याचं पुढे काही झालं नाही. वडिलांविरुद्ध जबाब द्यायला तिने नकार दिला. "आई त्यांच्याच घरात आहे," एवढंच म्हणाली.

गुरूला जीपमध्ये बसवतानाचा व्हिडिओ घराघरात पोचला होता. ती निर्दोष सुटली, हे कोणी कोणाला पाठवलं नाही. चाळमालकाने खोली रिकामी करायला लावली. मी स्वतः जाऊन समजावलं. त्याने मला चहा पाजला आणि माझं ऐकलं नाही. घोषणा देणाऱ्यांपैकी एकानेही चूक झाली असं म्हटलं नाही. त्या माणसांचा मला आजही संताप येतो.

हे लोक पोरं पळवतात, असं आपण सर्रास बोलतो. माझ्या नोकरीत तसं पळवलेलं एकही पोर मला सापडलं नाही. घरातून हाकललेली बरीच सापडली, आणि ती याच लोकांच्या आसऱ्याला होती. त्यांच्यासाठी काही करावंसं वाटत असेल तर भाषणं नकोत. भाड्याने खोली द्या. तक्रार घेऊन आले तर खुर्ची द्या आणि लिहून घ्या.

तपास संपल्यावर तिचे वडील एकदा एकटेच ठाण्यात आले. खालच्या आवाजात म्हणाले, "साहेब, ती पळवून नेल्याची केस बंद करावीच लागेल का? चालू असली की सोसायटीत सांगायला बरं पडतं."

"तुमची मुलगी सुखरूप आहे," मी म्हटलं. "तिने तिचा नवा नंबर तुमच्यासाठी माझ्याकडे ठेवलाय. देऊ?"

ते खुर्चीवरून उठले.

"नको," म्हणाले. "उगाच त्याच्या आईच्या हाती लागायचा."