कुप्याची लांबी विचारायला कवठे महांकाळला

समुद्रातल्या माशाची लांबी विचारायला कुणी कवठे महांकाळला जाईल का? नव्वदच्या दशकात मी गेलो होतो. हौसेनं नाही, झक मारत.

तेव्हा मी मुंबईत मासेमारीच्या नोंदी ठेवणाऱ्या एका कचेरीत होतो. कुपा, म्हणजे टूना, कुठल्याही एका देशाच्या हद्दीत राहत नाही. म्हणून काही देशांनी मिळून ठरवलं होतं: माशाच्या पाठीत नंबराची पिवळी पट्टी टोचून तो सोडायचा, आणि ज्याला सापडेल त्यानं पट्टी व लांबी कळवायची. त्यावरून मासा किती फिरतो, किती वाढतो हे समजतं, मग किती पकडायचा ते सगळ्यांना मिळून ठरवता येतं. बदल्यात, मासा कुठून आला ते आम्ही पट्टी पाठवणाऱ्याला कळवायचं.

अशी एक पट्टी धोंडिराम नावाच्या माणसाकडून आली. तो परदेशी बोटीवर स्वयंपाकी होता, गावी, कवठे महांकाळला आल्यावर त्यानं रजिस्टर पोस्टानं ती पाठवली. सोबत माशाच्या लांबीएवढी कापलेली सुतळी. मी पत्र मोठ्यानं वाचलं आणि "दुष्काळी तालुक्यात कुपा गावला!" म्हणून आम्ही सगळे खिदळलो. पट्टी खणात गेली. सुतळीनं मी जुन्या फायलींचा गठ्ठा बांधला आणि तो रद्दीत गेला.

वर्षभरानं खण आवरताना पट्टी साहेबांच्या हाती लागली. नंबर कळवताच परदेशातून उत्तर आलं: मासा मालदीवजवळ सोडला होता, लांबी किती भरली? साहेब म्हणाले, "जा आता, विचारून या."

तुम्ही जाणार असाल तर थेट सांगलीची एसटी धरा, तिथून कवठे महांकाळला गाड्या मिळतात. मी मुद्दाम सातारा, रहिमतपूर, पलूस असा रडतखडत गेलो, जेवढा उशीर तेवढा बरा. साताऱ्यात कंदी पेढे घेतले, खरं तर लाच म्हणूनच. रहिमतपूरच्या स्टँडवरची मिसळ झणझणीत होती, पण अर्धीच खाल्ली. पलूसपर्यंत ऊस आणि द्राक्षं, मग रान उघडं पडत गेलं.

गावातल्या चहावाल्याला धोंडिरामचं घर विचारलं.

"मासेवाला व्हय? लय थापा मारतोय गडी. म्हनं माशाला नंबर हुता!"

मी मान खाली घालून पुढं झालो.

धोंडिराम चाळिशीचा, अंगानं सडपातळ. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली सारवलेली जमीन. मी कचेरीचं नाव सांगताच तो म्हणाला, "आवं सायेब, पत्र पोचलं म्हनायचं!"

"उशिरा पोचलं," मी म्हणालो. तो पाणी आणायला आत गेला.

मी लांबी विचारली. "दोरी दिली हुती की," तो म्हणाला.

"हरवली. अंदाजे सांगा, मी लिहून घेतो."

"अंदाजे? इतक्या देशांनी त्या आकड्यावर भरवसा ठिवायचा आन आमी ठोकून द्यायचं? न्हाई जमायचं, सायेब."

ठोकून देणं तर आमच्या कचेरीत रोजचं होतं.

मासा मालदीवचा, हे ऐकून मात्र तो हरखला. हाताला धरून मला चहाच्या टपरीवर घेऊन गेला. "समद्यांपुढं सांगा!" मी सांगितलं. चहावाला म्हणाला, "पर वरीसभर कुठं हुता सायेब?"

"पत्र टपालात अडकलं होतं," मी म्हणालो.

"व्हय, आपलं टपाल तसलंच," धोंडिराम शांतपणे म्हणाला.

मला गाडीत बसवल्यावर त्यानं खिडकीतून एक कार्ड दिलं. त्याच्या पत्राची पोचपावती. त्यावर माझी सही, आणि त्यानं पत्र टाकल्यापासून पाचव्या दिवसाची तारीख.

"तुमीच ठिवा. माज्याकडं राहिली तर कवातरी रागात कुनाला दावंन."

गाडी सुटली.

मुंबईत आल्यावर लांबीच्या रकान्यात 'उपलब्ध नाही' लिहिलं, खाली खरं कारण लिहिलं आणि माझं नावही. त्याची नक्कल माफीच्या पत्रासोबत धोंडिरामला रजिस्टरनं धाडली. आठवड्याभरात पोचपावती आली, तिच्यावर त्याची ठसठशीत सही होती. पत्राचं उत्तर मात्र आलं नाही. त्यानं वर्षभर वाट बघितली होती. माझी अजून चालू आहे.