कोरडा पास

“इवनु बेडा.”

क्लबचा मॅनेजर माझ्याकडं बोट करून म्हणाला. कन्नडात. हा नको.

बसवनगुडीतल्या त्या क्लबच्या पोहण्याच्या तलावावर आमची अख्खी बॅच उभी होती. नारिंगी लाइफजॅकेटं घालून. बेंगळुरूला समुद्र नाही. आमच्या मर्चंट नेव्हीच्या ॲकॅडमीला स्वतःचा तलावसुद्धा नाही. म्हणून हा भाड्यानं घेतलेला. जहाज बुडालं तर जीव कसा वाचवायचा, त्याचं शिक्षण इथं. उंचावरून उडी मारायची. उलटा पडलेला रबरी राफ्ट पाण्यातच सुलटा करायचा. हे झाल्याशिवाय जहाजावर पाय ठेवता येत नाही.

मॅनेजर पुढं म्हणाला, “स्टाफच्या घरच्यांना पाण्यात सोडत नाही. मेंबर लोक मला फाडून खातील.”

स्टाफ म्हणजे माझी आई. ती तिथंच होती. कपडे बदलायच्या खोल्यांबाहेरची फरशी पुसत होती. तिचा हात थांबला.

मॅनेजरला कुणी सांगितलं? आईनंच. आदल्या दिवशी पेढे नेऊन दिले त्याला. माझा पोरगा उद्या येणार, साहेब होणार, पांढऱ्या कपड्यातला. मॅनेजरनं पेढा खाल्ला. पेढा चालला त्याला.

मी कॅप्टन सरांकडं बघितलं. मला वाटलं, आता सर ह्याची बिनपाण्यानं करणार.

कॅप्टन सर म्हणजे आमचे शिकवणारे. जन्म जहाजावर काढलेला माणूस. घराणं पिढ्यान् पिढ्या बसवनगुडीतलं, बोलणं शुद्ध मराठी. मी निपाणीकडचा, इथं चामराजपेटेत दोन खोल्यांत राहणारा. पहिल्याच आठवड्यात मला फोनवर आईशी बोलताना त्यांनी ऐकलं आणि खांद्यावर हात ठेवला. “अरे, तू तर आपला निघालास!” घरी नेलं. उप्पीट खाऊ घातलं. “घाबरायचं नाही. मी आहे.” ह्या शहरात मला असं कुणी म्हटलं नव्हतं. मी विरघळलो. खरंच विरघळलो.

तलाव ह्या क्लबचा आहे कळल्यावर मी मुद्दाम त्यांच्याकडं गेलो होतो. फक्त त्यांनाच सांगितलं.

“सर, माझी आई तिथं साफसफाईला आहे. काही अडचण?”

“अडचण कसली? अभिमानाची गोष्ट आहे रे!”

ते मी घरी येऊन आईला जसंच्या तसं सांगितलं. म्हणून ते पेढे.

आता तेच सर मला बाजूला घेऊन गेले. नळाजवळ. आवाज खाली.

“हे बघ, तमाशा नको. तू बाजूला उभा राहा. मी तुला पास करतो.”

“न उतरता?”

“तुला पोहता येतं ना?”

येतं. आजोळी वेदगंगेत शिकलोय. पण राफ्ट मी जन्मात सुलटा केलेला नव्हता. तसं म्हणालो.

“अरे, कोण करतं? फॉर्मॅलिटी असते ती.”

हाच माणूस वर्गात टेबलावर मूठ आपटून ओरडला होता, समुद्रात सर्टिफिकेट तरंगत नाही, माणूस तरंगतो! आम्ही सगळे ताठ झालो होतो. आणि आता मला म्हणतो फॉर्मॅलिटी. म्हणजे बाकीच्यांचे जीव वाचले पाहिजेत. माझा कागदावर वाचला तरी चालतंय.

“मला स्वतःला काही नाही रे,” सर म्हणाले. “पण लोकांचं बघावं लागतं.”

जात कुणी काढली नाही. कशाला काढतील? त्या तलावातली पानं, केस, लहान पोरांची घाण आई रोज जाळीनं काढते. कोपरापर्यंत हात घालते. तिच्या हातानं ते पाणी साफ होतं. माझ्या अंगानं घाण होणार होतं.

सरांनी मला पोरांचे टॉवेल धरायला दिले. खरंच दिले. वर दोघांचे मोबाईल, एकाची सोन्याची चेन. आई फरशी पुसतेय, मी टॉवेल धरून उभा. एकाच क्लबात मायलेक कामाला लागलो म्हणायचं! एकजण उडी मारायच्या आधी माझ्याकडं वळून म्हणाला, “माझा खाली टेकवू नकोस हां.” वर्गात माझ्याच बाकावर बसायचा तो.

सर एकेकाचं नाव पुकारत होते. पोरगा उडी मारायचा, राफ्टशी झटायचा, बाहेर यायचा. सर म्हणायचे, पास. मग माझं नाव आलं. माझ्याकडं न बघता सर म्हणाले, “पास.”

कुणीतरी खुदकन् हसलं.

माझ्या डोक्यात काय झालं ते मला सांगता येत नाही. मी टॉवेल खुर्चीवर ठेवले. मोबाईल ठेवले. चेन ठेवली, नाहीतर चोर म्हणायचे. आणि शिडी चढलो.

“ए! खाली ये!” सर ओरडले.

नाक दाबलं, जॅकेट छातीशी घट्ट धरलं, नजर समोर. त्यांनीच शिकवलेलं सगळं. उडी मारली.

वर आलो तर शिट्टी वाजत होती. मॅनेजर सगळ्यांना बाहेर काढत होता. पोरं पटापटा निघाली, पाण्याला आग लागल्यासारखी. एकही थांबला नाही. तलावात मी आणि उलटा राफ्ट. मी त्याच्या बुडावर चढलो, पट्टा धरला, मागं झुकलो. हलेना. पुन्हा झुकलो. पुन्हा नाही. शेवटी सगळं अंग मागं टाकून दिलं आणि तो उलटून माझ्या अंगावर आला. खाली अंधार, नाकातोंडात क्लोरीन. पाठीवर होऊन बाहेर आलो. राफ्ट सुलटा होता.

काठावर आई रडत होती. “स्वल्प गप बसायचं हुतंस की रं! सरी, बरं म्हनायचं आनि सोडायचं!”

सरांनी माझ्याकडं पाठ केली होती.

त्याच आठवड्यात ते आमच्या घरी आले. खुर्ची दिली, बसले नाहीत. हजेरीत माझ्या नावापुढं त्यांनी गैरहजर लिहिलं होतं. मॅनेजरला लेखी माफी दे, म्हणाले, मी गैरहजर खोडून पास लिहितो. क्लबनं आईला उडीच्याच दिवशी कामावरून काढलं होतं. तरी तिनं त्यांच्यापुढं हात जोडले. “लिवा सर, पास लिवा. प्वार खुळं हाय माझं.”

मी तिचे ते जोडलेले हात धरून खाली घेतले.

“पास नको, सर,” मी म्हणालो. “हजर लिहा. पाण्यात होतो असं लिहा.”

“तसं लिहिता येणार नाही.”

“का?”

“क्लब आपल्याला पुन्हा तलाव देणार नाही.”

“आपल्याला म्हणजे कुणाला, सर?”

सर चपला घालून गेले. आईनं केलेली कॉफी तशीच राहिली.

बॅचमधली पोरं जहाजावर गेली. मी इथंच. आई आता इथल्याच शिवाजीनगरला एका दुकानात झाडलोट करते, दोन बस बदलून जाते. हे तुझ्यामुळं, असं ती म्हणते. त्यांच्यामुळं, असं मी म्हणतो. त्यावरून आमचं बोलणं बंद आहे. ती ताट वाढते, मी जेवतो. मॅनेजरचा मला तेवढा राग नाही. तो मला कधी आपला म्हणाला नव्हता.

मंगळूरला दुसऱ्या ॲकॅडमीत नाव घातलंय. सगळं पहिल्यापासून करणार. उडी मारणार, राफ्ट सुलटा करणार, जहाजावर जाणार म्हणजे जाणार. माफी लिहून देणार नाही. आणि इथून पुढं कुणी खांद्यावर हात ठेवून तू आपला म्हणालं, तर त्याला एवढंच विचारणार. माझ्याबरोबर पाण्यात उतरतोस? उतरत असशील तर बोल. काठावरून बोलायचं नाही.