आईचं वळण

दुपारची जेवणं उरकली आहेत. खाटेखालच्या शेगडीतले निखारे विझत आलेत आणि ओव्याच्या धुरीचा वास खोलीत साचून राहिलाय. मागच्या गल्लीत यंत्रमाग चालू आहेत, इचलकरंजीत ते चालूच असतात. बाहेरच्या खोलीत सासूबाई माझ्या मुलीला मांडीवर घेऊन वाटी-चमच्याने पावडरचं दूध पाजतायत. चमचा वाटीला लागतो तेवढा मला ऐकू येतो. मी भिंतीकडे तोंड करून पडते.

सकाळी माझ्या काकूचा फोन आला होता. सासूबाईंनी स्पीकर लावला. "तिच्या आईलाही दूध नव्हतं," काकू म्हणाली. "वरच्या दुधावरच वाढली ही. आईचंच वळण ते, दुसरं काय." सासूबाई वाईट नाहीत. त्या फक्त "हां, तरीच" म्हणाल्या आणि त्यांनी संदेशला, माझ्या नवऱ्याला, पावडरचा डबा आणायला पाठवलं. दवाखान्यातली नर्स म्हणाली होती, येतंय, पाजत राहा. पण ती एकदाच म्हणाली. घरात रोज कुणी ना कुणी काहीतरी म्हणतं.

डोळे जड होतात. मागांची खडखड जवळ येते, भिंतीच्या आत येते, आणि माझी खाट कांडी मशीनच्या शेजारी आहे.

आई स्टुलावर बसून कांड्यांवर सूत भरतेय, कारखान्यात भरायची तशी. आई माझ्या लग्नाच्या आधीच गेली, कावीळ होऊन. तिच्या केसांवर, भुवयांवर सुताची पांढरी धूळ आहे. मला नवल वाटत नाही. एवढंच मनात येतं, बाळंतिणीच्या खोलीत हिने चपला का घातल्यात.

"उठू नको," ती म्हणते. "टाकं ओलं असतील."

"आई, मला दूध नाही."

"कोन म्हनलं?"

"सगळेच म्हणतात."

"पोरगी म्हनली?"

मुलगी रडते, एवढंच मला माहीत आहे. ती रडली की सासूबाई आत येतात, शेजारच्या वहिनी दारात उभ्या राहतात, आणि मी तिला छातीपासून सोडवून त्यांच्या हातात देऊन टाकते.

"पोरं रडत्यातच," आई म्हणते. "तू बी रडायचीस."

ती उठून चालायला लागते. दवाखान्याचा व्हरांडा आहे. बाकांच्या जागी सूत ताणलेलं आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरे दोरे. आई त्यांच्याखालून वाकून जाते. मीही जाते. टाके ओढले जातात, पण दुखत नाही.

व्हरांडा संपतो तिथे कारखान्याची मोरी आहे. आई माझ्याकडे पाठ करून उभी राहते, ब्लाउजची बटणं काढते. मोरीतल्या पाण्यात काहीतरी पांढरं मिसळत जातं.

"हे काय करतेस?"

"दाटून येतंय. लुगडं भिजतं. मुकादम म्हनतो, कापडाला डाग पडंल."

"म्हणजे तुला दूध होतं."

"हुतं की."

"मग काकू म्हणाली ते?"

"मी घरी यायच्या आधी तुला वाटीभर पाजून निजवलेलं असायचं. मी घेतलं की तू तोंड फिरवायचीस. तुझी आजी म्हनायची, बघ, लेकराला कळतंय, काय न्हाई त्यात." आई नळ सोडते. पाणी येत नाही. "पयल्यांदा मी भांडले. मग गप बसले. मग मलाच पटलं. मी घ्यायचीच बंद केली तुला. आन् मग आटलं."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"मला तरी कुठं ठावं हुतं? मला वाटायचं, माझ्यातच खोट हाय. मरस्तवर वाटायचं."

मला रडायचं आहे, पण मागांच्या आवाजात माझाच आवाज मला ऐकू येत नाही. आई मोरीच्या कट्ट्यावर बसली आहे. तिच्या मांडीवर बाळ आहे. चेहरा माझ्या मुलीचा, पण कानामागचा तीळ माझा. आई त्याला उराशी धरते. बाळ चाचपडतं, थांबतं. आईची छाती सपाट आहे, घडी घातलेल्या कापडासारखी.

"घे," ती म्हणते. "माझ्याच्यानं आता न्हाई व्हायचं."

"ती तोंड फिरवेल, आई."

"फिरवंल."

"मग?"

"मग परत धरायचं. मी धरलं न्हाई."

मी बाळ घेते. ते फार जड आहे, दगडासारखं, आणि गरम. आईचे खरबरीत हात निघून जातात. "तू जवळ बस," मी म्हणते. ती बसली होती तिथे आता फक्त ओली फरशी आहे.

गारव्याने जाग येते.

गाऊन पुढून भिजलाय, दोन्हीकडे. खालच्या चादरीवर मोठा ओला डाग आहे. मी बोटाने पुसून नाकाशी नेते. गोडसर वास येतो. इतकं कधी आलं नव्हतं.

मी भिंतीला धरत बाहेर जाते. मुलगी सासूबाईंच्या मांडीवर झोपली आहे. शेजारी वाटी रिकामी आहे. त्या माझ्या गाऊनकडे बघतात, मग वाटीकडे.

"आत्ताच निजली गं," त्या जरा ओशाळून म्हणतात. "पोट भरलं तिचं."

"माझ्याकडे द्या."

"उठंल."

"उठू दे, आत्या," मी सासूबाईंना म्हणते.

त्या मुलीला माझ्या मांडीवर ठेवतात आणि पंखा कमी करतात. मी तिला जवळ घेते. तिच्या ओठांच्या कडेला पावडरचं दूध वाळलंय. ती तोंड उघडत नाही. तिला भूकच नाही. थेंब तिच्या गालावर पडतो, मानेकडे ओघळतो, तरी ती झोपलेलीच.

सासूबाई वाटी घेऊन मोरीकडे जातात. गाऊन कडांनी वाळायला लागतो, तिथे कापड कडक होत जातं. मी तो बदलत नाही. तिला भूक लागायची वाट बघत बसते.