प्रत्येक कुकरखाली तोच प्रश्न

कुकरच्या जाहिरातींच्या पोस्टची मी गटांत विभागणी करत होतो. दिवाळीच्या वेगळ्या, लग्नसराईच्या वेगळ्या. प्रत्येक गटातल्या पोस्टखालच्या प्रतिक्रिया मोजल्या की कुठली मोहीम जास्त चालली ते कळतं. नववीत शाळा सुटलेल्या मला इथे हैदराबादेत हे काम माधवीताईंनी शिकवलं. त्यांचा शब्द मोडवत नाही.

त्या म्हणाल्या, "हे खातं सगळीकडे एकच ओळ लिहितंय. यंत्र असणार. मोजणीतून काढ."

मी पाहिलं. प्रत्येक कुकरखाली ‘जेवलास का?’ नाव आईचं.

"ताई, ही माझी आई आहे."

"अरे देवा. मग तर काढच, घरचं माणूस मोजायचं नसतं."

काढलं. मोहिमांचा क्रम जरासुद्धा हलला नाही.

यंत्र होतं ते आमचंच. आईच्या प्रत्येक प्रश्नाखाली त्याने परस्पर उत्तर टाकलं होतं, ‘आपल्या प्रतिसादाबद्दल आभार.’ मी या कुकरच्या जाहिरातींचं काम करतो एवढंच तिला ठाऊक; उत्तरं मीच लिहितो असं समजून ती पुन्हा विचारत राहिली असणार.