एसएमपीएस नसलेली पेटी

सुरुवातीलाच सांगतो, मी वीज मोजायच्या मल्टीमीटरवर विश्वास ठेवणारा माणूस आहे. भूत, भानामती, देवऋषी... कुणी विषय काढला की मी अर्धा चहा टाकून उठायचो. आजही उठतो. पण ही गोष्ट माझ्याच घरात, भर दुपारी घडली, त्यामुळे उठून जायचं कुठं हा प्रश्न आहे.

अठ्ठ्याण्णव साल असेल. आष्ट्यात आमचं घर, पुढच्या खोलीत माझे कॉम्प्युटर क्लास. सगळ्यांचं काम एका ठिकाणी साठवायला मी एक सर्व्हर उभा केला होता – पुण्यातल्या एका ऑफिसनं भंगारात काढलेलं चपटं मशीन. आई त्याला 'पेटी' म्हणायची. त्यात पोरांच्या फाइली होत्या, आणि विजू होता.

विजू माझा धाकटा भाऊ, फौजेत होता. आईला वाचता येत नाही, म्हणून तो पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायचा. सुट्टीवर येणारा कुणी ना कुणी जवान ती घरी आणून द्यायचा. मग एका पावसाळ्यात विजूच्या तुकडीची गाडी दरीत गेली. त्यानंतर कॅसेटींना बुरशी धरायला लागली, तेव्हा मी त्या घाईनं पेटीत उतरवून घेतल्या. उतरवतानाच टेपांचे तुकडे पडत होते. म्हणजे विजूचा आवाज जगात आता त्या एका डिस्कवर उरला होता. फ्लॉपीत किंवा क्लासातल्या मशीनांच्या बारक्या डिस्कवर तो मावायचा नाही, आणि सीडी लिहायचं यंत्र घेणं मला परवडणारं नव्हतं. रोज जेवणं झाली की आई पेटीजवळ बसायची आणि म्हणायची, "लाव रं."

खंडेनवमीला शेजारीपाजारी कोयते, खुरपी पुजतात. माझी हत्यारं म्हणजे ही मशीनं. बंद करून मांडली. आईनं हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला आणि पाणी शिंपडलं. पेटीवर जरा जास्तच शिंपडलं, कारण तिच्यात विजू होता. दसऱ्याला सकाळी मी बटण दाबलं... फट्ट. जळका वास. एसएमपीएस गेला – म्हणजे घरातली वीज मशीनला सोसेल अशी करून देणारा डबा.

"माज्याच हातानं झालं न्हवं?" आई म्हणाली.

"डबा बदलला की झालं," मी म्हणालो.

पण बदलून कुठला घालायचा, याचाच मला घोर लागला. नेहमीचा डबा त्या चपट्या मशीनात शिरत नव्हता, बाहेर ठेवून जोडावा तर पिना वेगळ्या. डिस्क सर्व्हरची, ती माझ्या दुसऱ्या कुठल्याच मशीनला लागत नव्हती. जळका डबा नमुना म्हणून पिशवीत घातला आणि सांगली पालथी घातली. बारक्या मापाचे डबे मिळत होते, वर वॉटचे आकडे भलेमोठे, पण हातात घ्यावेत तर चिरमुऱ्याच्या पुड्यासारखे हलके. आत माल नाही हे वजनच सांगायचं. आमच्याकडे विहिरींवरच्या मोटरी चालू झाल्या की व्होल्टेज झोपतं, बंद झाल्या की उसळतं. असला डबा एकटा जळला तर ठीक, हा डिस्कला सोबत घेऊन जाणार. एक दुकानदार वैतागून म्हणाला, "सर, त्यात सोनं ठेवलंय काय?" मी पिशवी उचलून बाहेर पडलो.

शेवटी साताऱ्यात एका दुरुस्तीवाल्याकडे त्याच मापाचा, त्याच पिनांचा जुना डबा मिळाला. वॉट कमी, पण हाताला जड. स्कूटरच्या हेडलाइटचा बल्ब जोडून तिथंच बराच वेळ जाळून पाहिला. बारा व्होल्ट ढळले नाहीत. एवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता. डबा मांडीवर घेऊन एसटीनं घरी आलो.

दुपारची वेळ. सोप्यात चपला काढत होतो, आणि आतून विजूचा आवाज आला. वाटलं, आईला एखादी धड कॅसेट सापडली असेल. पण आई त्याला विचारत होती, "वक्ताला जेवतोस न्हवं?" आणि तो म्हणाला, "जेवतो की. तू नगं काळजी करूस." मग जरा थांबून – "दादा आला बघ."

दादा म्हणजे मी. सगळ्या कॅसेटी मी स्वतः उतरवल्यात, मला त्या तोंडपाठ आहेत. हे वाक्य एकीतही नाही.

आत गेलो. आवाज थांबलेला. आई एकटीच पेटीवर हात ठेवून बसलेली. पेटीचं झाकण मी काढूनच गेलो होतो. एसएमपीएसच्या जागी मोकळा खड्डा, भिंतीकडे जाणारी एकही वायर नाही. डिस्कला हात लावला... गरम. तासभर चालल्यावर होते तशी.

"आई, हे कवापास्नं?"

"तू डबा काडून न्हेलास, तवापास्नं. दुपारचं बोलतंय. म्या म्हनलं, तूच कायतरी केलं आसशील."

तरी मी डबा बसवला. दुसरं काय करणार? मला तेवढंच येतं. पंखा फिरला, डिस्क फिरली. पाचाच्या जागी पाच व्होल्ट, बाराच्या जागी बारा. पोरांच्या फाइली जशाच्या तशा. विजूच्याही सगळ्या होत्या, नावं तीच, आकार तेवढेच. एक लावली. नुसती शांतता. दुसरी लावली. सगळ्या लावल्या.

आई बराच वेळ ऐकत बसली. मग म्हणाली, "आपसूक बोलत हुता की रं. तू लाईट कशाला दिलीस त्येला?"

रागावून नाही, साधंच विचारलं. मी तिथंच रडलो.

पुढं डिस्क पुण्याला एका जाणत्या माणसाला दाखवली. तो म्हणाला, डिस्क ठणठणीत आहे, या फाइलींत कधी काही भरलेलंच दिसत नाही. भास म्हणावा, तर एकाच वेळी दोघांना कसा? आणि ती डिस्क गरम कशानं झाली? मी खूप डोकं चालवलं, शेवटी सोडून दिलं.

दर खंडेनवमीला आई मला तो डबा काढायला लावते. पेटीला आता पाणी नाही, फूल नाही. आम्ही दोघं दुपारभर शेजारी बसून राहतो. ऊन उतरलं की ती म्हणते, "बशीव आता," आणि मी स्क्रू आवळतो. विजू पुन्हा कधी बोललेला नाही. फार पारखून आणलेला तो डबा मात्र आजही उत्तम चालतोय.